बांडीची चौकट

डोळे मिटा, असं मी सांगणार नाही. मिटलेत तर पुढचं वाचणार कसं? उघड्या डोळ्यांनीच एक गोठा समोर आणा. फार मोठा नको. एक गाय ऐसपैस उभी राहील आणि तिच्या मागून खराटा घेतलेलं माणूस जाऊ शकेल, एवढा पुरे. खाली मातीची जमीन, समोर भिंतीला गव्हाण, मागे दार, आणि दारातून दिसणारं अंगणापलीकडचं घर. आता त्यात गाय उभी करा. पांढरं अंग आणि त्यावर तांबडे ठिपके, जणू कुणी रंगाचा ब्रश तिच्यावरच झटकलाय. तिचं नाव बांडी. आणि आता कान द्या. रिकाम्या चरवीत दुधाची पहिली धार पडते ती टणटण वाजते. चरवी भरत जाते तसा आवाज मऊ होतो, आणि शेवटी फेसात नुसती फसफस उरते.

तो आवाज एक मुलगी रोज सकाळी अंथरुणात पडून ऐकायची. टणटण वाजतंय तोवर झोपायला वेळ आहे. मऊ झालं की उठायचं. तिचं घड्याळच होतं ते.

मुलगी नऊ वर्षांची. सगळे तिला मुंगी म्हणत, कारण रांगायला लागल्यापासून तिला काही ना काही उचलून दुसरीकडे नेऊन ठेवायची खोड होती. बाबांचं काम दारं-खिडक्या करण्याचं. त्यांची पेन्सिल, खिळ्यांचा डबा, एकदा तर अख्खी करवत तिने फरफटत नेऊन आईच्या कपाटात ठेवली होती.

बांडीचं सगळं आई बघायची. दोन-तीनदा ती मुंगीला म्हणाली होती, "येतेस का गं गोठ्यात? तुला धार काढायला शिकवते."

पांघरुणाच्या आतून उत्तर यायचं, "उद्या."

मग एका सकाळी तो आवाज आलाच नाही. आईच्या पोटात फार दुखत होतं. तिला दवाखान्यात नेलं आणि तिथे पाचव्या दिवशी ती गेली. माणसं आली, बसली, गेली. घर पुन्हा रिकामं झालं, आणि तेव्हा कुठे सगळ्यांच्या लक्षात आलं की गोठ्यात एक गाय आहे आणि कुणीकुणी सड ओढून पाहिले तरी ती कुणालाच दूध देत नाहीये.

तुम्हाला वाटेल, गायीचं दूध म्हणजे नळाचं पाणी, सड ओढला की आलं. तसं नसतं. गायीला ओळखीचं, भरवशाचं माणूस जवळ आलं की ती आपणहून दूध खाली सोडते. त्याला म्हणतात पान्हा सोडणं. आणि तिच्या मनात नसेल तर ती दूध वर ओढून धरते. मग तुम्ही कितीही बलवान असा, दोन चमचे हाती लागतात. बांडीचं वासरू मोठं होऊन केव्हाच मामाच्या गोठ्यात गेलं होतं. तिचा पान्हा होता तो फक्त आईच्या हातासाठी.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. त्याच्याकडे अकरा गायी. तो म्हणाला, "मी बघतो." मग त्याने बांडीचे मागचे पाय दोरीने बांधले, बाबांनी शिंगं धरली, शेजारच्या शिंपीणकाकूने शेपटी धरली. अर्ध्या तासाने तिघंही घामाघूम, चरवीत पेलाभर दूध, आणि मामाच्या गुडघ्यावर, पाय बांधताना बसलेला, खुराचा ताजा शिक्का.

"तीन माणसं आणि पेलाभर दूध," मामा लंगडत म्हणाला. "एवढ्यात तर माणसानेच दूध दिलं असतं."

काकूला हसू आलं आणि तिने ते पदरात दाबलं. त्या घरात हसावं की नाही, हे अजून कुणाला कळत नव्हतं.

जनावरांच्या डॉक्टरांनी कास दाबून पाहिली. "रोज पूर्ण रिकामी व्हायला हवी," ते म्हणाले. "नाहीतर दगडासारखी होईल. गाय तापेल. एखादा सड कायमचा जाईल. सडाचंच काय, गायही जाऊ शकते."

मामाने बाबांना बाजूला घेतलं, पण मुंगीला ऐकू गेलंच. "भाऊजी, मी नेतो हिला. माझ्याकडे लहान वासरू आहे. ते हिच्या कासेला लावू. वासरू ढुसण्या देईल, तशी ही सोडेल."

"नाही!" मुंगी ओरडली. "बांडी कुठेही जाणार नाही! मी काढीन धार!"

"तू? तुला येते?"

मुंगीला पांघरुणातून दिलेलं ते 'उद्या' आठवलं.

बाबांनी बांडीला शिंगांपासून शेपटीपर्यंत नजरेने मापलं. मग म्हणाले, "शनिवारपर्यंत थांब. मी हिच्यासाठी चौकट करतो. मान अडकवली की जागची हलणार नाही, पाय बांधायला नकोत. मुंगी शिकेल. शनिवारी हिने धार दिली तर बांडी राहील. नाही दिली, तर तू ने."

"आज मंगळवार आहे, भाऊजी."

"मला माहीत आहे आज काय आहे ते."

बाबांना गायीतलं फारसं काही कळत नव्हतं. लाकडातलं कळत होतं. ज्याला जे येतं, ते तो दुःखात दुप्पट करतो. त्या चार दिवसांत बाबांनी लाकूड सोडून दुसऱ्या कशाला हात लावला नाही. फक्त सकाळ-संध्याकाळ काकूच्या मदतीने बांडीचे पाय बांधून जे काही निघेल ते काढायचं, आणि पुन्हा कामाला लागायचं.

पहिलं काम जमिनीचं. बाबांनी गव्हाण बाजूला ओढली, बांडीला बाहेर बांधलं, आणि गोठ्याच्या मध्यावर पाणसळ ठेवली. पाणसळ म्हणजे एक लांब पट्टी. तिच्यात काचेची नळी, नळीत पाणी आणि पाण्यात एक बुडबुडा. जमीन सपाट असेल तर बुडबुडा मधोमध थांबतो. इथे तो पार एका टोकाला पळाला.

"जमीन उंचसखल असली की चौकट कुरकुरते," बाबा म्हणाले. "दाराचंही तसंच. खालचं नीट नसेल तर वरचं कितीही चांगलं करा, अडकतंच. मुंगे, मुरूम आण. जिथे खोलगट आहे तिथे भर."

मुंगीला वाहून न्यायचं काम मिळालं, यासारखं दुसरं सुख नव्हतं. ती टोपलीत मुरूम भरून आणायची, ओतायची, बाबा धुम्मस घेऊन तो ठोकून बसवायचे.

"बाबा, इथे जास्तच खोल आहे. दोन खड्डे आहेत शेजारी शेजारी. आणि पुढे एक गोल."

बाबा फळीवर खुणा करत होते. त्यांनी वर बघितलं नाही. "पाणी साचलं असेल. भर."

मुंगीने चार टोपल्या ओतल्या. बाबांनी धुम्मस आपटली. संध्याकाळी पाणसळ ठेवली तेव्हा बुडबुडा अगदी मधोमध उभा राहिला, आणि बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी चौकट उभी राहिली. तुम्ही कधी केलीत तर लक्षात ठेवा: दोन जाड खांब जमिनीत हातभर पुरायचे, वर एक आडवं लाकूड, खाली एक. मधोमध दोन उभ्या फळ्या. त्यातली एक पक्की ठोकायची. दुसरीला खालच्या टोकाशी एकच बोल्ट घालायचा, म्हणजे तिचं वरचं टोक बाजूला कलतं. फळी कलली की गाय मान घालते, पुढच्या पेटीतली पेंड खायला लागते. मग फळी सरळ करायची आणि वर खुंटी लावायची. गायीला मान वरखाली करता येते, खाता येतं, पण डोकं बाहेर काढता येत नाही आणि मागे वळून बघता येत नाही.

मापासाठी बाबांनी बांडीच्या मानेभोवती सुतळी धरली. मुंगीने दुसरं टोक धरलं. मान जिथे घासेल तिथल्या कडा त्यांनी रंधा मारमारून इतक्या गोल केल्या की मुंगीने त्यावर गाल टेकवून पाहिला.

"गायीसाठी एवढं गुळगुळीत?" शिंपीणकाकूने कुंपणावरून विचारलं. "माझ्या घराचं दार केलंत तेव्हा माझ्या हाताला कुसळं टोचत होती महिनाभर."

"तुमचं दार तुम्ही मानेने उघडता होय?" बाबा म्हणाले.

तिसऱ्या दिवशी तिपाई. मुंगीच्या मापाची, ठेंगणी.

"तीनच पाय का हो, बाबा?"

"चार पायांचं स्टूल खडबडीत जमिनीवर ठेवलं की डुगडुगतं. एक पाय कायम अधांतरी. तीन पाय कुठेही ठेव, तिन्ही टेकतात."

"मग सगळ्या खुर्च्या तीन पायांच्या का नसतात?"

"कारण जरा कडेला बसलं की माणूस कलंडतो."

मुंगीने विचार केला. "म्हणजे चारवर डुगडुगायचं, नाहीतर तीनवर पडायचं."

बाबा हसले. बऱ्याच दिवसांनी, मोकळं हसले. पण त्या हसण्याला कुठे थांबायचं ते कळेना. ते लांबत गेलं, त्याचा आवाज बदलला, आणि बाबा रंधा खाली ठेवून गोठ्यामागे निघून गेले. मुंगी तिपाईवर बसून राहिली. आपण काय बोललो ते ती पुन्हा पुन्हा मनात म्हणून पाहत होती.

शुक्रवारी संध्याकाळी बांडीला आत आणलं. पेंडीच्या वासाने तिने लगेच मान घातली. फळी बसली, खुंटी लागली. मुंगी तिपाई घेऊन उजव्या बाजूला बसली, कारण मामा उजवीकडे बसला होता. बाबांनी सांगितलं तसा तिने सड धरला. अंगठा आणि पहिल्या बोटाने वरून बंद करायचा, मग बाकीची बोटं एकामागून एक मिटत आणायची. ओढायचं नाही.

काहीच आलं नाही. उलट बांडी मागच्या अंगाने उजवीकडे सरकली. मुंगी तिपाईसकट मागे गेली. पुन्हा बसली. बांडी पुन्हा सरकली. मुंगी भिंतीला टेकली.

"हट्टी आहे," बाबा म्हणाले. त्यांनी एक जाड दांडा आणला आणि उजव्या बाजूला, बांडीच्या मांडीच्या उंचीवर आडवा ठोकला. "आता सरक बघू."

बांडी दांड्याला अंग टेकून उभी राहिली. दांडा करकरला. तिच्या डाव्या बाजूला हातभर, दोन हात मोकळी जागा राहिली. आणि मुंगीला एकदम शाळेतला बाक आठवला. मैत्रीण आली की आपण कसे न सांगता कडेला सरकतो.

"बाबा," ती हळूच म्हणाली. "ती मला ढकलत नाहीये. ती तिकडे जागा करतेय."

"कुणाला?"

मुंगीने डावीकडच्या मोकळ्या जागेकडे बोट दाखवलं. बाबांच्या हातातला हातोडा खाली आला.

"बाबा, आई कुठल्या बाजूला बसायची?"

बाबांनी बांडीकडे पाहिलं, जमिनीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. बारा वर्षं ते त्या घरात सकाळी उठून चहा घेत होते. चहात दूध असायचं. ते कुणीतरी काढलेलं असायचं.

"काकूला विचार," ते म्हणाले.

काकू कुंपणाशीच होती. "मला गं काय माहीत? मी यायचे तेव्हा ती चरवी घेऊन दारात उभी असायची. तयार."

मुंगी गोठ्यात परत आली आणि डाव्या बाजूच्या सपाट, घट्ट, पाणसळीने मापलेल्या जमिनीकडे बघत राहिली.

"ते दोन खड्डे," ती म्हणाली. "शेजारी शेजारी होते, ते. आणि पुढे गोल होता तो. इथेच होते, बाबा. डावीकडे. मी इथेच चार टोपल्या ओतल्या."

आई पाट किंवा स्टूल घेत नसे. उकिडवी बसायची. दोन पावलं आणि पुढे चरवी. रोज दोनदा, वर्षानुवर्षं, त्याच जागी.

बाबा गुडघ्यांवर बसले. आधी त्यांनी पटाशीने जमीन उकरली, मग नुसत्या हातांनी. नखांत मुरूम गेला. पण धुम्मस मारून एकजीव केलेल्या मातीतून पावलं परत कशी निघायची? खाली नुसताच मुरूम लागत होता, मुंगीनेच आणलेला.

"पाणी साचलं असेल म्हणालो मी," बाबा म्हणाले. "पाणी." आणि ते तिथेच बसून राहिले.

मुंगीने त्यांच्या हाताखालची उकरलेली माती सारखी केली. करायला दुसरं काही नव्हतं. बांडी चौकटीत अडकलेली मान हलवत पेटीचा तळ चाटत होती.

शनिवारी सकाळी मामा गाडी घेऊन आला. मागचं फळकूट पाडून, आत पेंढा अंथरून, सगळी तयारी करूनच आला होता. पण येताना मुंगीसाठी त्याने नवी छोटी चरवीही आणली होती. त्याच्या मनात काय चाललं होतं, ते यावरून ओळखा.

बांडी चौकटीत गेली. खुंटी लागली. मुंगीने तिपाई उचलली आणि डाव्या बाजूला ठेवली. बसल्यावर तिला पहिल्यांदा कळलं की इथून मान जराशी वळवली तर दारातून अंगण दिसतं, आणि अंगणापलीकडे बरोबर एकच खिडकी दिसते. तिच्या अंथरुणाजवळची.

ती त्या खिडकीकडे इतका वेळ बघत राहिली की मामा म्हणाला, "काय गं मुंगे, झोपलीस का?"

तिने बांडीच्या पोटाला कपाळ टेकलं आणि बोटं मिटली.

टण्.

कुणी हललं नाही. टण्. टण्. बांडीची कास तिच्या हाताखाली सैल पडत गेली, घट्ट बांधलेलं गाठोडं सुटावं तशी. धारा वाकड्या जात होत्या, एक मुंगीच्या पायावर गेली, एक बाहीत. पण चरवीत पडत होत्या. आवाज मऊ व्हायला लागला. काकूने तोंडावर हात धरला. बाबा भिंतीला टेकून हळूहळू खाली बसले.

"अरे वा!" मामा कुजबुजला. "माझी गाडी रिकामीच जाणार म्हणायची."

बांडी राहणार होती. चार दिवस मुंगीने दुसरं काही मागितलं नव्हतं.

आणि तेव्हाच बांडी हुंकारली. ते मोठ्याने हंबरणं नव्हतं. तोंड मिटून, घशातल्या घशात, गाय वासराला घालते तशी साद होती ती. तिने मान मागे वळवायला पाहिली. फळी आडवी आली. ठक्. पुन्हा हुंकारली, पुन्हा वळायला गेली. ठक्.

"हे काय करतेय?" बाबांनी विचारलं.

मामाचा चेहरा उतरला. "ताई धार काढायची तेव्हा ही मान वळवून तिची पाठ चाटायची. इथे आलो होतो तेव्हा एकदा पाहिलंय मी. ताई ओरडायची, माझा पदर खाल्लास म्हणून." तो थांबला. "आता आठवतंय, बाजूही हीच होती. हातही तसेच लहान. हिला वाटतंय, ताईच बसलीय."

गोठ्यात फक्त धारेचा आवाज होता.

"वाटू दे," मामा घाईघाईने म्हणाला. "चांगलंच आहे. भाऊजी, एक करा, धार होईपर्यंत मान मोकळी करू नका. रोज असंच. दिसलं नाही तर कळणार नाही. दूध देत राहील."

बाबांनी मान हलवली. काकूही म्हणाली, "मुक्या जनावराला कशाला त्रास?"

मुंगीचे हात थांबले.

तिला काकूच्या घरातले दोन दिवस आठवले. शिवणयंत्राशेजारी बसवून काकूने तिला रंगीत चिंध्या दिल्या होत्या. मुंगीने त्यांची आईसाठी उशी शिवायला घेतली होती. दर थोड्या वेळाने ती विचारायची, आई कशी आहे? आणि काकू म्हणायची, झोपलीय गं, बरं वाटलं की येईल. बाबा दारात येऊन गेले. मामा येऊन गेला. सगळे म्हणाले, झोपलीय. तिने उशीला सगळीकडून टीप मारून घेतली, उद्या द्यायची म्हणून. सगळ्यांना माहीत होतं. तिला एकटीलाच माहीत नव्हतं. तिने दोन दिवस एका नसलेल्या माणसाची वाट बघितली होती, आणि बघताना ती आनंदात होती. त्या आनंदाची तिला अजून लाज वाटत होती.

ठक्. बांडीची मान फळीला लागली.

मुंगी उठली. तिने चरवी लाथ लागणार नाही अशी बाजूला ठेवली आणि चौकटीच्या पुढे गेली.

"मुंगे, काय करतेस?" मामा म्हणाला. "अगं, अजून अर्धी कास भरलीय. मुंगे! खुंटी नको काढू!"

तिने खुंटी काढली. फळी बाजूला कलली.

बांडीने मान बाहेर घेतली आणि डावीकडे वळवली. तिपाई रिकामी होती. तिने तिपाईचा वास घेतला. मग तिपाईशी परत आलेल्या मुंगीच्या हातांचा, बाहीचा, केसांचा वास घेतला. तिचा श्वास गरम होता आणि त्याला पेंडीचा वास येत होता. मग तिने मुंगीच्या डोक्यावरून दाराकडे बघितलं आणि बघतच राहिली.

"नाहीये ती तिथे," मुंगी म्हणाली. "मी होते. आई मेली, बांडे." तो शब्द तिने पहिल्यांदाच तोंडातून काढला होता. "मेली. येणार नाही."

काकूने डोळ्यांना पदर लावला आणि ती बाहेर गेली.

मुंगी परत तिपाईवर बसली. सड धरला, बोटं मिटली. कास घट्ट झाली होती. तिने बराच वेळ प्रयत्न केला. पेलाभरही नाही, थेंबभरही नाही.

बाबा उठले. "पुन्हा अडकवू. पेंड घालतो जास्त. विसरेल ती." त्यांनी पेटीत दोन मुठी पेंड टाकली, फळी धरून उभे राहिले. "ये, बांडे. ये गं."

बांडीने पेंडीकडे पाहिलं, गोल घासलेल्या त्या गुळगुळीत फळ्यांकडे पाहिलं आणि दोन पावलं मागे सरली. बाबांनी दावं ओढलं. ती चारही पाय रोवून उभी राहिली.

"राहू द्या, भाऊजी," मामा म्हणाला. "आता ही मान घालायची नाही. आणि कासेला वेळ नाही. माझ्याकडे वासरू आहे, भाऊजी. वासराला ती नाही म्हणणार नाही."

बाबा फळीवर हात ठेवून उभे राहिले. मग त्यांनी मुंगीकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत राग असेल असं तिला वाटलं होतं. राग नव्हता.

"आम्ही तुला सांगायला हवं होतं," ते म्हणाले. "त्याच दिवशी."

मुंगीने मान हलवली.

बांडीला गाडीत चढवताना ना दोरी ओढावी लागली, ना मागून ढकलावं लागलं. मुंगी तिच्या डाव्या बाजूने चालली आणि बांडी तिच्याबरोबर चालली. फळकुटावर खूर वाजले. मामाने दावं आतल्या कडीला सैल बांधलं.

"तुला वाटेल तेव्हा ये भेटायला," तो म्हणाला. "मामी तिची नीट काळजी घेईल. तुझ्या मामीचा हात हलका आहे गं."

"मामी कुठल्या बाजूला बसते?" मुंगीने विचारलं.

मामाने डोकं खाजवलं. "उजवीकडेच असेल. आमच्याकडे सगळे उजवीकडेच बसतात."

मुंगी वळली आणि गोठ्यात गेली. आत चौकट उभी होती, नवी, पांढुरकी, ओळंब्यात सरळ. तिने तिच्याकडे बघितलं नाही. तिपाई उचलली, बाहेर आली, गाडीत चढली. पेंढा हाताने बाजूला सारून तिने तिपाई बांडीच्या डाव्या अंगाला ठेवली, तिन्ही पाय टेकले का ते दाबून पाहिलं, आणि बसली.